मोकळ्या टाचेचा हंगाम



गुलमर्गला किंवा औलीला जाऊन आलेल्यांनी स्कीचा बूट कधीतरी पायात चढवला असेल. जाडजूड, कडक बूट. पुढून चवडा अडकवलेला, मागून टाच अडकवलेली. जगभरातले बहुतेक स्कीपटू असे पाय जखडूनच उतारावरून खाली येतात. पण थोडे लोक असे आहेत, जे फक्त चवडा अडकवतात आणि टाच मोकळी ठेवतात. या पद्धतीला म्हणतात टेलिमार्क. हे दक्षिण नॉर्वेतल्या एका डोंगराळ मुलखाचं नाव. या मोकळ्या टाचेच्या स्कीपटूचा एक हंगाम आज आपण समजून घेऊ. त्यात हिवाळ्यातल्या शर्यती आहेत, आणि जिथे ना वर नेणारा पाळणा पोहोचतो ना यंत्रानं सपाट केलेली वाट, अशा मोकळ्या डोंगरातल्या मोहिमाही आहेत.

आधी वळण कसं घेतात ते पाहू, कारण सगळा खेळ त्या वळणात आहे. खो मिळायची वाट बघत चौकात बसलेला खेळाडू डोळ्यांसमोर आणा. एक पाय पुढे, मागचा गुडघा वाकलेला, मागची टाच उचललेली, आणि अंग कुठल्याही क्षणी झेप घ्यायला तयार. टेलिमार्कचा स्कीपटू साधारण याच पवित्र्यात उतारावरून घसरत असतो. डावीकडे वळायचं तर उजवा पाय पुढे, उजवीकडे वळायचं तर डावा. पुढची आणि मागची स्की मिळून जणू एकच लांब कमान तयार होते आणि त्या कमानीवरून वळण निघतं. दर वळणाला पाय बदलायचा, म्हणजे दर वळणाला एक अर्धी बैठक. डोंगराच्या पायथ्याशी येईपर्यंत अशा शेकडो बैठका होतात. नवशिक्याचा सारा भार पुढच्या पायावर जातो, मागची स्की नुसती फरफटत येते आणि वळण तुटतं. मागच्या चवड्याखालीही भार जाणवू लागला की वळण जमायला लागलं असं समजायचं.

एवढा खटाटोप कुणी आणि कशासाठी सुरू केला? त्यासाठी टेलिमार्कमधल्या मोर्गेदाल गावात जावं लागेल. तिथे १८२५ मध्ये सोन्द्रे नोरहाइम यांचा जन्म झाला. स्वतःची जमीन नसलेला हा गरीब कूळ-शेतकरी. त्या काळात स्की म्हणजे प्रवासाचं साधन होतं आणि ती पायाला फक्त बोटांपाशी एका पट्ट्यानं अडकवलेली असे. उडी मारली की स्की निसटलीच. नोरहाइम यांनी झाडाच्या लवचीक काटक्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून नेला. आता टाच वर उचलता येत होती, पण पाऊल आडवं सरकत नव्हतं. शिवाय त्यांनी स्की आखूड केली आणि तिला मध्यावर किंचित कंबर दिली, म्हणजे ती कडेवर कलली की आपोआप वळू लागे. १८६८ मध्ये राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्कीस्पर्धा झाली. बेचाळीस वर्षांचे नोरहाइम गावाहून सुमारे दोनशे किलोमीटर स्कीवरूनच तिथे गेले आणि जिंकले. त्यांची उडी आणि वळणं बघून शहरातले लोक थक्क झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवू या. नोरहाइम यांच्या स्कीवर चढ चढता येई, सपाटीवर पळता येई, कड्यावरून उडी घेता येई आणि उतारावर वळता येई. एकाच जोडीवर सगळं. पुढे विसाव्या शतकात या एका खेळाचे तुकडे झाले. उडी मारणारे वेगळे झाले, सपाटीवर पळणारे वेगळे झाले. आल्प्समध्ये डोंगरमाथ्यावर नेणारे पाळणे आले. वर चालत जायचंच नाही तर टाच मोकळी कशाला? मग टाच पक्की बांधली गेली. त्यामुळे वेग वाढला, ताबा वाढला आणि टेलिमार्क मागे पडलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, क्रेस्टेड ब्यूट या जुन्या खाणकामगारांच्या गावात, काही तरुणांनी चामड्याचे मऊ बूट आणि अरुंद स्की घेऊन ते वळण पुन्हा घोटायला सुरुवात केली. तिथून ही पद्धत परत पसरली आणि नॉर्वेतही नव्यानं रुजली.

आता आपल्या स्कीपटूच्या हंगामाकडे येऊ. शरद ऋतूत मांड्या आणि गुडघे बळकट करायचे, पुरेसं बर्फ पडलं की सराव, आणि मग आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या विश्वचषक मालिकेतल्या शर्यती. कधी स्वित्झर्लंडमधलं म्युरेन, कधी जर्मनीतलं ओबरयोख, कधी स्लोव्हेनियातलं क्र्वावेत्स, कधी नॉर्वेतलं र्युकान. शर्यतींचे प्रकार तीन. स्प्रिंट ही आखूड. क्लासिक ही सर्वांत लांब, पायांचा कस पाहणारी. समांतर स्प्रिंटमध्ये दोघं शेजारशेजारच्या सारख्याच मार्गांवरून एकदम सुटतात आणि हरलेला बाद होतो.

या मार्गावर काय काय असतं ते ऐका. सुरुवातीला गेट, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत उतरायचं. मध्येच एक उडी, तीही आखून दिलेल्या रेषेच्या पुढे पडली पाहिजे. मग बर्फाच्या उंच कडांनी बांधलेलं एक गोल वळण, ज्यात स्कीपटू जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरून बाहेर पडतो. आणि शेवटी सपाटी किंवा चढ. तिथे उताराची मदत संपते. काठ्या मारत, एकेक पाय तिरका रेटत, दम तोडून पळायचं. वळणं, उडी आणि पळणं, विसाव्या शतकानं वेगवेगळे केलेले हे तुकडे या शर्यतीत पुन्हा एकत्र आलेले दिसतात. नोरहाइम यांचा अख्खा दिवस काही मिनिटांत बसवलेला आहे.

आणखी एक गंमत आहे. इथे नुसतं घड्याळ निकाल देत नाही. उतारावर जागोजागी पंच उभे असतात. प्रत्येक गेटला मागची टाच उचलली होती का, दोन पावलांत निदान एका बुटाचं अंतर होतं का, हे ते पाहतात. पवित्रा नीट नसला की वेळेत एक सेकंद वाढतो. उडी रेषेच्या अलीकडे पडली किंवा स्कीपटू पाय जुळवूनच जमिनीवर आला तरी दंड. म्हणून सर्वांत आधी खाली पोहोचलेला पहिला येईलच असं नाही. उडीचा हिशेबही बारीक आहे. कमी पडली तर दंड, फार लांब गेली तर हवेत वेळ वाया. रेषा ओलांडून जेमतेम पुढे उतरणं हे खरं कसब. शतांश सेकंदांनी ठरणाऱ्या शर्यतीत एक सेकंद म्हणजे केवढा डोंगर! ही शिस्त वर्षानुवर्षं पाळून दाखवणाऱ्यांत स्वित्झर्लंडच्या अमेली व्हेंगर-रेमों यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. विश्वचषकाच्या शंभराहून अधिक शर्यती त्यांनी जिंकल्या.

मार्च सरला की विश्वचषक संपतो, पण डोंगरात बर्फ असतंच. आता स्कीपटू पाठीवर पिशवी टाकून मोकळ्या डोंगरात शिरतो. वर जाण्यासाठी स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात. पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत, आता लोकरीच्या किंवा नायलॉनच्या. केस एकाच दिशेला झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. टाच मोकळी असल्यामुळे पाऊल चालल्यासारखं पडतं. माथ्यावर पट्ट्या सोडून पिशवीत टाकायच्या आणि खाली उतरायचं.

वसंतातलं बर्फ घड्याळ लावून चालतं. रात्रीच्या थंडीत ते दगडासारखं गोठतं. सकाळी उन्हानं वरचा बोटभर थर मऊ, दाणेदार होतो आणि तोच उतरायला सर्वांत सुखाचा. दुपारनंतर सगळा थर पाणी धरतो, पाय रुततो आणि उतारावरचं बर्फ निसटण्याची भीती वाढते. म्हणून पहाटे अंधारात, डोक्याला दिवा बांधून निघायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं, असा रिवाज.

इथली खरी परीक्षा घेतं ते हिमस्खलन. बर्फ थराथरानं साठतं. खालचा एखादा थर साखरेसारखा सुटा, भुसभुशीत राहिला तर वरचं पूर्ण दडपण त्यावर तोललेलं असतं. त्यावर माणसाचं वजन पडलं की भेग पळते आणि अख्खी लादी सुटते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा धोका सर्वाधिक, आणि स्कीपटूला हवाहवासा वाटणारा उतार नेमका तेवढाच. लोक ज्या हिमस्खलनांत सापडतात ती बहुतेक वेळा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडलेली असतात. युरोपात दररोज धोक्याचा अंदाज एक ते पाच अशा पायऱ्यांत जाहीर होतो. सर्वाधिक बळी पाचव्या पायरीला जात नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये ते तिसऱ्या पायरीला जातात. पाचव्या पायरीला सहसा कुणी बाहेर पडत नाही. तिसरीला माणूस म्हणतो, जाऊन येऊ.

म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संकेत सोडणारं छोटं यंत्र, पिशवीत घडीची लांब सळई आणि फावडं असलंच पाहिजे. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर वाचण्याची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्यानं घटते. बचावपथक इतक्या लवकर पोहोचू शकत नाही, तेव्हा वाचवणार तो शेजारचा सोबतीच. टेलिमार्कवाल्याला आणखी एक जोखीम असते. जुन्या धाटणीची बरीच बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी यंत्रणा, पडल्यावर आपोआप सुटत नाही. वाहत्या बर्फात अशी स्की पायाला नांगर होऊन माणसाला खाली ओढते. त्यामुळे सुटणारी बाइंडिंग बनवण्याकडे कारागिरांचं लक्ष गेलं. नॉर्वेच्या रॉत्तेफेला कंपनीनं २००७ मध्ये नव्या मापाचं बाइंडिंग आणलं, त्यामागेही ताबा आणि सुरक्षितता हाच विचार होता.

इथे चोखंदळ श्रोता विचारेल, चढण्यासाठी टाच मोकळी हवी हे पटलं, पण उतरताना ती बांधायला काय हरकत? काहीच नाही. चढताना टाच सुटी, उतरताना बंद, अशी हलकी बाइंडिंग १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात निघाली आणि आज डोंगरात बहुसंख्य लोक तीच वापरतात. ती सहसा टेलिमार्कपेक्षा वजनाला हलकी आणि उतरायला सोपी असतात. म्हणजे टेलिमार्कची व्यावहारिक गरज आता उरलेली नाही. ज्याला ते वळण आवडतं, तो अधिक कष्ट पत्करून ते घेतो. शर्यतीत पंच असतात म्हणून टाच उचलायची. डोंगरात बघायला कुणी नसतं, तरीही ती उचलायची. मला वाटतं, या खेळाचं मर्म इथे आहे. आपल्याकडेही रस्ता झालेल्या गडावर जुन्या वाटेनं चढणारे लोक आहेत. त्यांना याचं फार नवल वाटणार नाही.

शर्यत आणि भटकंती ही दोन्ही अंगं एकाच ठिकाणी पाहायची असतील तर टेलिमार्कमधलं र्युकान बघावं. २०१९ चं जागतिक अजिंक्यपद इथे झालं. वर १८८३ मीटर उंचीचं गाउस्टाटोप्पन शिखर, आणि जवळच हार्डांगरविद्दाचं अफाट, उघडं पठार. याच र्युकानजवळच्या, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या व्हेमोर्क कारखान्यात जड पाणी तयार होत होतं, अणुसंशोधनासाठी लागणारं. फेब्रुवारी १९४३ च्या अखेरीस नॉर्वेच्या तरुणांच्या एका तुकडीनं रात्री आत शिरून ती यंत्रणा उडवली. त्यातले काही आधीपासून हिवाळाभर त्या पठारावर लपून राहिले होते. काम झाल्यावर पाच जण स्कीवरून सुमारे चारशे किलोमीटर कापत स्वीडनला पोहोचले. मोकळी टाच तेव्हा हौस नव्हती. पाठलागावरच्या सैनिकांपासून सुटण्याचं ते साधन होतं.

त्याआधी, डिसेंबर १९११ मध्ये, रोआल्ड अमुंडसेन यांच्यासह दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या पाच जणांत नोरहाइम यांच्याच मोर्गेदालचा एक गडी होता, ओलाव ब्यालान. तो स्पर्धा गाजवलेला स्कीपटू आणि कुशल सुतार होता. मोहिमेच्या घसरगाड्या त्यानं रंधून रंधून हलक्या केल्या होत्या.

नोरहाइम मात्र १८८४ मध्ये पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेले आणि नॉर्थ डकोटाच्या सपाट गवताळ प्रदेशात १८९७ मध्ये वारले. त्यांच्या देशानं त्यांची आठवण १९५२ मध्ये ठेवली. ऑस्लोच्या हिवाळी ऑलिंपिकसाठीची ज्योत मोर्गेदालमधल्या त्यांच्या जन्मघराच्या चुलीत पेटवली गेली आणि स्कीपटूंनी ती राजधानीत नेली. पण खेळ म्हणून टेलिमार्क ऑलिंपिकमध्ये आजवर नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी महासंघानं प्रस्ताव दिला होता, तो मान्य झाला नाही.

तरीही श्रोतेहो, टेलिमार्क ऑलिंपिकच्या बाहेर आहे असं म्हणता येत नाही. पुढच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उंच उताराच्या टोकावरून हवेत झेपावणाऱ्या स्कीपटूंची स्पर्धा लागली, तर उडीची लांबी पाहून थांबू नका, उतरतानाचे पाय पाहा. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. असं उतरलं नाही तर उडी कितीही लांब असली तरी पंच गुण कापतात. या पवित्र्याचं नाव नियमांतही टेलिमार्क असंच आहे.