मस्तकातील सौम्य गाठ व तिचे निदान
(पिशोर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या आप्तांपैकी एका भगिनीच्या गालात विजेसारखी कळ येत असे. घास चावताना, तोंड धुताना, वारा लागला तरी ती कळवळे. दाढ किडली असावी असे समजून दोन दाढा काढविल्या, कळ राहिलीच. कोणी दृष्ट काढली, कोणी अंगारा लावला. अखेर शहरात एमआरआय झाला, तेव्हा कवटीच्या तळाशी, चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेलगत गाठ आढळली. ‘गाठ’ म्हणताच घरात रडारड झाली. वस्तुतः ती कर्करोगाची नव्हती. तिला एपिडर्मॉइड म्हणतात. गर्भावस्थेत त्वचेच्या काही पेशी आत अडकतात व त्यांपासून ती वर्षानुवर्षे संथपणे वाढते. कवटीतील गाठींत हिचे प्रमाण शेकडा सुमारे एक.

पूर्वी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घ्यावे लागे. रुग्णास यातना फार. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने प्रथमच रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले व तो छळ संपत आला. तथापि सीटीवर ही गाठ बहुधा मेंदूभोवतीच्या पाण्यासारखीच दिसते. साध्या एमआरआयमध्येही फसगत होते. तेथे एमआरआयचीच ‘डिफ्यूजन’ पद्धत उपयोगी पडते. ती पाण्याच्या कणांची हालचाल टिपते. विहिरीतील पाणी मोकळे हलते, कांद्याच्या पाकळ्यांतील ओल हलत नाही. या गाठीत त्वचेचे तसेच थर असतात. म्हणून ती चित्रात पांढरीशुभ्र उमटते आणि मोकळे पाणी काळे राहते.

गाठ सौम्य असली तरी नसा व मेंदू दाबते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. शस्त्रक्रियेत नसेस चिकटलेला अंश कधी मागे ठेवावा लागतो, म्हणून पुढेही वेळोवेळी तपासणी हवी.

प्रत्येक कळ गाठीचीच असते असे नव्हे. परंतु एकाच बाजूची कळ हटत नसेल, एक कान मंद होत असेल, वा फेफरे येऊ लागले असेल, तर घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात सत्वर दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात. मागील चित्राशी ताडल्यावाचून गाठ वाढली की नाही, हे कळत नाही. आणि रुग्णाबरोबर घरचे एक जाणते माणूस अवश्य जावे.

आमच्या त्या भगिनी आज या सभेत बसल्या आहेत. त्यांच्या दाढा परत येणार नाहीत. दुसऱ्या कोणाच्या तरी वाचाव्यात, एवढ्यासाठी त्यांच्याच संमतीने आम्ही हे बोललो.