मांजराची शीव

(सरोजिनी नगर, नवी दिल्ली येथे मराठी वाचकांच्या बैठकीत अनुवादिकेने दिलेले व्याख्यान)



घरात पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांविषयीच्या या पुस्तकाचा अनुवाद करताना सर्वांत अधिक अडचण कोठे आली, असा प्रश्न आपण मला केला आहे. शास्त्रीय परिभाषेत ती आली नाही. तेथे परिभाषाकोशांनी हात दिला. अडचण आली ती एका साध्या क्रियापदापाशी. मांजर भिंतीकडे पाठ करते, शेपटी ताठ उभारते, तिचे टोक थरथरते आणि उभ्याउभ्याच ते मागे लघवीची एक बारीक चिळकांडी उडवते. या क्रियेला मराठीत काय म्हणावे? आपण म्हणतो, 'मांजराने घाण केली.' मीही कित्येक वर्षे तसेच म्हणत आले. पण मूळ ग्रंथकाराला अभिप्रेत होती ती घाण नव्हे, खूण. या दोन शब्दांमधील अंतर हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. कारण ते मांजर घरात राहणार की रस्त्यावर जाणार, हे पुष्कळदा त्याच अंतरावर अवलंबून असते.

आपल्यापैकी बरेच जण या वसाहतीत राहिलेले आहेत. पूर्वी विनय नगर या नावाने ओळखली जाणारी ही सरकारी नोकरांची वस्ती. बुटकी दुमजली घरे, मागे अंगण, रस्त्याकडेला कडुनिंब. २०१६ साली केंद्र सरकारने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. त्यांत सरोजिनी नगरचाही समावेश होता. पुढील वर्षांत जुनी घरे एकामागून एक रिकामी होऊ लागली. माणसे सामान घेऊन गेली. मांजरे पुष्कळ ठिकाणी मागे राहिली. ज्या घरांत अजून चूल पेटत होती, त्या घरांभोवती ती गोळा होऊ लागली. आमचे तळमजल्याचे घर त्यांपैकी एक होते.

त्या हिवाळ्यात आमचा चार वर्षांचा बोका बिघडला. बाहेर तो काय करीत असे ते आम्हांला ठाऊक नव्हते, पण घरात त्याने कधी काही केले नव्हते. आता मात्र खिडकीखालची भिंत, मागील दाराची चौकट आणि माझे शब्दकोशांचे कपाट यांवर तो लघवी उडवू लागला. मी फिनेलने भिंत पुसली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेथेच. मी त्याला मारले. त्याने आणखी एक जागा शोधली. सासूबाई म्हणाल्या, ''अगं, सूड उगवतोय तो. आपण घर सोडणार हे कळलंय त्याला.'' अखेर त्याला आय. एन. ए. बाजारातील मासळीच्या दुकानांपाशी सोडून यावे, असे मी ठरवले. कापडी पिशवीही काढून ठेवली होती. हे सांगताना आज मला लाज वाटते, पण ते लपवून पुढचे सांगता येणार नाही.

जाण्यापूर्वी एकदा पशुवैद्यांना विचारावे म्हणून मी गेले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ''बसून करतो की उभा राहून?''

या एका प्रश्नात अर्धे निदान आहे. मांजर जेव्हा केवळ मूत्रविसर्जन करते, तेव्हा ते बसते, सपाट जागा निवडते, बरीच लघवी करते आणि बहुधा ती उकरून झाकते. खूण करते तेव्हा ते उभे राहते, उभा पृष्ठभाग निवडते, थोडीच लघवी उडवते आणि झाकीत नाही. झाकील कसे? ती इतरांनी वाचावी म्हणूनच तर केलेली असते. गावच्या सीमेवर शिवेचा दगड असतो. तो कोणी पुरून ठेवीत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडेल असाच तो रोवतात. मांजराचा शिवेचा दगड गंधाचा असतो, आणि म्हणून तो त्याच्याच जातभाईच्या नाकाच्या उंचीवर लावलेला असतो.

हा स्वभाव मांजराने घरात येऊन शिकलेला नाही. आपले पाळीव मांजर ज्या रानटी जातीपासून उत्पन्न झाले, तिचे एक रूप आजही राजस्थान व कच्छच्या रुक्ष प्रदेशांत आढळते. तेथे ते एकेकटे शिकार करते. एकेकट्या प्राण्याला शेजाऱ्याशी रोज भांडणे परवडत नाही. एखादी जखम चिघळली की शिकार संपली. म्हणून तो निरोप ठेवून जातो: मी येथे आहे, मी अमुक वेळेपूर्वी येथून गेलो. मांजरांच्या वर्तनाचे जर्मन अभ्यासक पाउल लायहाउझेन यांनी असे दाखवून दिले की, अनेक मांजरे एकच वाट निरनिराळ्या वेळी वापरतात आणि समोरासमोर येणे टाळतात. खूण ही भांडणाची सुरुवात असतेच असे नाही. किंबहुना ती अनेकदा भांडण टाळण्याची तजवीज असते.

या बाबतीत आपल्या देशातील एक उदाहरण अतिशय उद्बोधक आहे. ओडिशातील सिमिलीपाल व्याघ्रप्रकल्पाचे पहिले क्षेत्रसंचालक सरोजराज चौधुरी यांनी १९७४ साली खैरी नदीच्या काठी सापडलेले वाघिणीचे पिल्लू जशीपूर येथील आपल्या निवासस्थानी वाढवले. ही 'खैरी' १९८१ पर्यंत माणसांच्या घरात वावरली. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी व त्यांचे सहकारी ज्योतिर्मय दत्त यांनी तिच्यामुळे वाघाच्या खुणांचा जवळून अभ्यास केला. वाघही शेपटी उभारून झाडाच्या बुंध्यावर असाच फवारा उडवतो. त्या द्रवात स्निग्ध पदार्थ असतात आणि त्यांमुळे गंध दीर्घकाळ टिकून राहतो, असे त्यांना आढळले. पुढे १९९० साली ब्रह्मचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली: बासमतीला जो सुवास असतो, त्याचे मुख्य द्रव्य वाघाच्या या खुणेतही असते. आपल्या आंबेमोहोराच्या सुवासातही तेच द्रव्य आहे. शिजत्या भाताचा सुवास आणि वाघाची शीव यांचे नाते ऐकल्यावर, गंधाला 'घाण' म्हणणारे आपण कोण, असा प्रश्न मला पडला.

घरच्या मांजराच्या खुणेला मात्र बासमतीचा वास येत नाही, हे मान्य केले पाहिजे. १९५३ साली वेस्टॉल या शास्त्रज्ञाने मांजराच्या मूत्रातून गंधकयुक्त असे एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याला फेलिनिन म्हणतात. ते स्वतः गंधहीन असते, पण त्याचे हळूहळू विघटन होऊन उग्र वासाची गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात. म्हणूनच पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी दर्प अधिक जाणवतो. २००६ साली मासाओ मियाझाकी व अन्य जपानी संशोधकांनी फेलिनिनच्या निर्मितीमागे कॉक्सिन नावाचे प्रथिन असल्याचे दाखवले. नसबंदी न केलेल्या बोक्यांच्या मूत्रात ही द्रव्ये सर्वाधिक असतात. तथापि भाटीही खूण करते, हे विसरू नये.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय वैद्यकीय तपासणीचा. बसून, वाळू सोडून भलत्याच ठिकाणी लघवी होत असेल, तर मूत्राशयाचा विकार असू शकतो. विशेषतः बोका वारंवार कुंथत असेल आणि थेंबथेंबच लघवी होत असेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी सकाळपर्यंतही थांबू नये. त्यात प्राण जातो.

दुसरा उपाय नसबंदीचा. हार्ट आणि बॅरेट यांनी १९७३ साली प्रौढ बोक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर सुमारे ७८ टक्के बोक्यांची खूण करण्याची सवय लवकरच सुटली, आणखी ९ टक्क्यांची हळूहळू कमी झाली. वयात येण्यापूर्वीच शस्त्रक्रिया केली तरी सुमारे १० टक्के बोके व ५ टक्के भाट्या पुढे खूण करतात, असे १९८४ सालच्या दुसऱ्या अभ्यासात दिसून आले. अर्थात शस्त्रक्रिया हा मोठा उपाय आहे, पण संपूर्ण नव्हे.

तिसरा उपाय कारण शोधण्याचा. नवे मांजर, नवे माणूस, हललेले सामान, खिडकीबाहेर येऊन बसणारा परका बोका, यांपैकी काय बदलले ते पाहावे. परके मांजर दिसत असेल तर खिडकीचा खालचा भाग झाकावा. घरात जितकी मांजरे, त्याहून एक अधिक वाळूचे घमेले ठेवावे; ती निरनिराळ्या जागी असावीत आणि रोज साफ व्हावीत. खुणेची जागा विकरयुक्त स्वच्छताद्रव्याने धुवावी. अमोनियायुक्त द्रव्य वापरू नये. त्याचा वास मूत्रासारखाच असतो. फिनेल तर मुळीच वापरू नये. फिनॉलजन्य पदार्थांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, म्हणून ते त्याला विषारी ठरतात. मी भिंत धूत नव्हते, मी बोक्याच्या वाटेत विष सांडीत होते. धुतलेल्या जागी त्याची जेवणाची ताटली ठेवावी. जेथे जेवावयाचे तेथे मांजर सहसा खूण करीत नाही. याउपर गरज पडल्यास पशुवैद्य औषधे देतात. ती आपल्या मनाने देऊ नयेत.

आणि मारू नये. खूण ही अस्वस्थतेतून होते. माराने अस्वस्थता वाढते. सासूबाईंचे अर्धे म्हणणे खरे होते. काहीतरी बदलले आहे हे त्याला निश्चित कळले होते. सूड मात्र त्याच्या मनात नव्हता. ज्या मांजरांना शेजाऱ्यांनी मागे सोडले, ती खिडकीशी येऊन बसत होती आणि हा आतून आपल्या शिवेचे दगड लावीत होता. त्याला सोडून मी त्या गर्दीत आणखी एकाची भर घालणार होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव प्राण्याला वाजवी कारणावाचून टाकून देणे हा गुन्हा आहे. पण मला त्या दिवशी कायदा आठवला नाही. आठवला तो वैद्यांचा प्रश्न.

बोक्याची शस्त्रक्रिया झाली. खिडकीच्या खालच्या काचांना आम्ही वर्तमानपत्रे चिकटवली, कपाटाशेजारी त्याची ताटली मांडली. काही आठवड्यांनी भिंती कोरड्या राहू लागल्या. नव्या घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा दाराची चौकट भिजवली. या वेळी मी ती धुतली, त्याच्या जुन्या गोधडीसह त्याला एका खोलीत ठेवले आणि एकेक खोली उघडत गेले. पुन्हा तसे झाले नाही.

अनुवादात मी त्या क्रियापदासाठी 'मूत्रखूण करणे' असा प्रयोग केला आहे. तो फारसा सुंदर नाही, हे मी जाणते. आपणांस याहून चांगला शब्द सुचल्यास अवश्य कळवावा. कोशांच्या खालच्या ओळीतील दोन खंडांच्या पुठ्ठ्यांवर ते डाग अजून आहेत, आणि काढून ठेवलेल्या त्या कापडी पिशवीत मी आज याच भाषणाचे कागद घालून आणले आहेत.