शेवंतीचा ठोंब उपटू नका



दसरा आला की आपल्याला दोन पिवळी फुले लागतात. एक झेंडू आणि दुसरी शेवंती. दोन्ही देवाला चालतात. दोन्ही बाजारात विकली जातात. पण दोन्हींच्या स्वभावात फार फरक आहे. झेंडू एका हंगामाचा. फुलला, वाळला, संपला. पुढच्या साली त्याचे बी पुन्हा टाकावे लागते. शेवंतीचे तसे नाही. तिचे वरचे झाड वाळते, पण जमिनीतला ठोंब जिवंत राहतो. तो ठोंब राखला तर शेवंती साल दरसाल फुलते.

एवढीच गोष्ट आज आम्हाला सांगायची आहे. बाकीचे सारे बोलणे तिच्याच भोवतीचे आहे.

आम्ही गावोगाव हिंडतो. पुष्कळ घरी न्हाणीच्या पाण्यावर शेवंती लावलेली दिसते. दिवाळीत जावे तर अंगण कसे पिवळेजर्द असते. पण त्याच घरी उन्हाळ्यात जावे तर तिथे नुसती माती. विचारले तर घरची बाई सांगते, "मेली ती. पार वाळून गेली. मग उपटून उकिरड्यावर टाकली."

ती मेलेली नसते. जिवंत झाडच उकिरड्यावर गेलेले असते.

एका घरी लग्न निघाले होते. मांडव घालायचा म्हणून पोरांनी अंगण खणून साफ केले. शेवंतीचे वीस-पंचवीस ठोंब होते, सगळे गेले. त्या घरची म्हातारी आम्हाला म्हणाली, "दसऱ्याला त्या फुलांवर माझ्या हातात चार पैसे यायचे. लेक माहेराला आली तर तिच्या चोळीबांगडीला कुणापुढं हात पसरावा लागत नव्हता." पुढच्या साली तिने रोपे विकत आणायची गोष्ट काढली. मुलगा म्हणाला, "फुलांपायी कुठं पैसे घालायचे?" बोलणे तिथेच खुंटले. म्हातारीचा पैसाही खुंटला.

म्हणून ठोंबाची गोष्ट आधी नीट समजून घेऊ.

शेवंती मूळची चीन देशातली. शास्त्रज्ञांनी तिला जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ सोन्याचे फूल असा होतो. जपानच्या राजघराण्याचे चिन्हही शेवंतीचेच फूल आहे, सोळा पाकळ्यांचे. आज ती पांढरी, जांभळी, तांबूस अशी पुष्कळ रंगांची मिळते. पण आपल्याकडे हाराला आणि वेणीला पिवळीचा मान मोठा. झिप्री नावाची लहान पिवळ्या फुलांची जात आपल्याकडचे शेतकरी फार दिवसांपासून लावत आले आहेत.

पौष-माघात फुले सरतात. पाने काळवंडतात, फांद्या वाळतात. त्या वेळी झाड उपटायचे नाही. विळा घ्यायचा आणि जमिनीपासून चार बोटे ठेवून वरचे सारे कापायचे. खाली पडलेली वाळकी पाने वेचून जाळून टाकायची, कारण रोग त्या पानांत लपून राहतो. मग ठोंबाभोवतीची माती खुरप्याने हलकी करायची. ओंजळभर कुजलेले शेणखत घालायचे आणि पाणी द्यायचे. थोड्याच दिवसांत बुडाभोवती जमिनीतून हिरवे कोंब डोके वर काढतात. या कोंबांना काश्या म्हणतात. काही ठिकाणी नुसते फुटवे म्हणतात. नाव काही असो, पुढच्या सालची शेवंती ती हीच.

आता खरी अडचण उन्हाळ्याची. चैत्र-वैशाखात माणसांना प्यायला पाणी पुरत नाही, तिथे फुलझाडाला कोण घालणार? हे खरे आहे. म्हणून सगळे ठोंब जगवायचा हट्ट धरू नका. पाचच जगवा. चांगली फुले दिलेले, रोग नसलेले पाच ठोंब फुलोऱ्यातच हेरून ठेवा. त्यांना चिंधी बांधून खूण करा, म्हणजे सफाई करणाऱ्या पोरांना कळेल. लग्न निघाले, अंगण मोकळे करायचे झाले, तर ते पाच ठोंब मातीच्या गड्ड्यासकट काढून फुटक्या घागरीत किंवा डब्यात लावा. डब्याच्या बुडाला भोके पाडायला विसरू नका. तो डबा माठाशेजारी सावलीत ठेवा. भांडे विसळल्याचे, हात धुतल्याचे पाणी त्याला पुरते. अंगणातच ठेवायचे असतील तर वर तुऱ्हाट्यांची किंवा नारळाच्या झावळ्यांची सावली करा. माती भिजेल एवढेच पाणी द्या. चिखल करू नका.

हिशेब करून बघा. एका जोमदार ठोंबातून आठ-दहा काश्या सहज निघतात. पाच ठोंबांच्या चाळीस ते पन्नास काश्या झाल्या. म्हणजे अंगणाची बाजू भरून शेवंती झाली, आणि तीही एक पैसा न घालता. त्यातले पुन्हा पाच-दहा ठोंब राखले की पुढच्या सालची काळजी मिटली.

मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की लावणी करावी. आता तीच वेळ आहे. जुना ठोंब अख्खा उकरा. मधला जुना, लाकडासारखा झालेला भाग टाकून द्या. कडेच्या कोवळ्या, मुळे असलेल्या काश्या तेवढ्या वेगळ्या करा. पुष्कळ बाया जुना ठोंब तसाच जागेवर ठेवतात. मग झाड दाटते, फुले बारीक येतात आणि शेवंती बिघडली असे म्हणतात. ठोंब जगवायचा तो काश्यांसाठी. दर पावसाळ्यात त्या सोडवून नव्याने लावाव्यात, आणि जमले तर जागाही बदलावी.

दोन सऱ्यांत दोन फूट आणि दोन झाडांत एक फूट अंतर ठेवा. झाड सरीत लावू नका, वरंब्यावर लावा. शेवंतीला पाणी लागते, पण तिच्या पायाशी पाणी तुंबलेले तिला सोसत नाही. मुळे कुजतात आणि झाड उभेच्या उभे मान टाकते. काळ्या चिकट जमिनीत तर हे फार होते. न्हाणीच्या पाण्याचेही तसेच आहे. ते पाणी चारीने वाहते ठेवा आणि शेवंती चारीच्या कडेला लावा. जिथे डबके साचते तिथे अळू लावा, शेवंती नको. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र दुसरीकडे काढा. ऊन भरपूर मिळेल अशी जागा बघा.

लावणीला महिना झाला की प्रत्येक झाडाचा शेंडा नखाने खुडायचा, दोन बोटे लांबीचा. वाढते झाड खुडायला जीव होत नाही. पण शेंडा खुडला नाही तर झाड काठीसारखे उंच जाते, वाऱ्याने आडवे होते आणि त्याला थोडीच फुले येतात. खुडले की बाजूने फांद्या फुटतात. जितक्या फांद्या तितकी फुले. तीन-चार आठवड्यांनी आणखी एकदा खुडायला हरकत नाही. राखीपौर्णिमेनंतर मात्र शेंड्याला हात लावू नका. पुढे कळ्या धरायच्या असतात, त्याच खुडल्या जातील.

आता एक नवलाची गोष्ट सांगतो. एका गावी आम्ही एकाच घरची शेवंतीची लांब ओळ पाहिली. एका टोकाला झाडे फुलांनी भरली होती. दुसऱ्या टोकाला झाडे हिरवीगार, उंच, पण कळी नाही. माती तीच, खत तेच, पाणीही तेच. कुणी म्हणाले दृष्ट लागली. कुणी म्हणाले बाईचा विटाळ झाला. बिचारी सून मान खाली घालून उभी होती.

दृष्टही नव्हती आणि विटाळही नव्हता. त्या टोकाला रस्त्यावरचा विजेचा दिवा होता. तो रात्रभर जळत होता.

शेवंतीला रात्र समजते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो. डिसेंबरात तो सुमारे ११ तासांवर येतो. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की शेवंती पाने वाढवणे सोडते आणि कळ्या धरते. म्हणून तर ती पावसाळा सरल्यावर फुलते. रात्री अंगावर दिव्याचा उजेड पडत राहिला की तिला वाटते, अजून दिवस मोठाच आहे. मग ती नुसती वाढतच राहते. झाडाचे फुलणे दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरते, हे अमेरिकेतल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तंबाखू आणि सोयाबीनच्या झाडांवर त्यांनी प्रयोग केले होते. त्यांचा लेख १९२० साली छापून आला. आज मोठे फूलवाले या ज्ञानाचा धंद्याला उपयोग करतात. फुले उशिरा हवी असली तर रात्री शेवंतीवर दिवे लावतात. लवकर हवी असली तर काळे कापड ओढून लवकर रात्र करतात.

आपल्याला एवढे करायचे नाही. अंगणातल्या दिव्यापासून शेवंती दूर लावायची, म्हणजे झाले. आणि फुले आली नाहीत म्हणून घरातल्या सुनेला बोल लावायचा नाही.

कीड-रोगाचे थोडक्यात सांगतो. कोवळ्या शेंड्यावर आणि कळ्यांवर मावा बसतो. ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा आणि फवारा. खालच्या पानांवर काळे-तपकिरी ठिपके पडू लागले तर ती पाने तोडून जाळा. पाणी बुडाशी घाला, पानांवर ओतू नका. एखादे झाड एकाएकी सुकले तर ते मात्र खुशाल उपटा. त्याच्या काश्या पुढे घेऊ नका. शेवंतीच्या पानांनी काही जणांच्या हाताला खाज सुटते. अशा माणसाने हाताला फडके गुंडाळून काम करावे.

फुले पूर्ण उमलली की तोडावीत, देठाशिवाय. सकाळी लवकर तोडलेले फूल टवटवीत राहते. पण दव जास्त असेल तर फुले घरात फडक्यावर थोडी पसरा, मग पाटीत भरा. ओली फुले दाबून भरली की आतून तापतात आणि काळी पडतात. मग व्यापारी भाव पाडतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा मुंबईला दादरच्या फुलबाजारात माल जातो, तो वजनावर विकला जातो. दहा-वीस झाडांची फुले घेऊन कुणी तिकडे जात नाही. तालुक्याच्या आठवडे बाजारात सुटी फुले विकण्यापेक्षा वेण्या करून विकल्या तर दोन पैसे जास्त मिळतात, असे बाया सांगतात. हिशेब पाटीवर मांडा. किती वेण्या नेल्या, किती विकल्या, काय भावाने. आता तुम्हाला लिहिता येते. आणि ते पैसे जिने झाडे राखली तिच्या हातात राहू द्या.

आणखी काही विचारायचे असेल तर विचारा. आम्ही येताना शेवंतीच्या थोड्या काश्या आणल्या आहेत. त्या तिथे पाराजवळ ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. जाताना घरटी दोन-दोन घ्या. आज संध्याकाळीच लावा, उद्यावर टाकू नका. त्यांची मुळे उघडी आहेत.