एकेचाळिसावं छिद्र

श्रोतेहो, आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीचं मागचं चाक घ्या आणि रिमला किती छिद्रं आहेत ते मोजा. एकेचाळीस भरतील. त्यांतल्या चाळिसांत तारा बसतात. एक उरतं, ते जरा मोठं असतं. त्यातून ट्यूबचा व्हॉल्व्ह बाहेर येतो. पुढच्या चाकाला तारा बत्तीस, म्हणून तिथं ते तेहेतिसावं. आज मला या उरलेल्या छिद्राविषयी बोलायचं आहे.

बैलगाडीच्या चाकाला आरे असतात. लाकडी आरा तुंबा आणि पुठ्ठ्यांच्या मध्ये खांबासारखा उभा राहून ओझं पेलतो. सायकलची तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. उभी धरून दाबली, तर बोटानं वाकते. तिला खांब होता येत नाही, फक्त ओढून धरता येतं. पण सगळ्या तारा चहूकडून सारख्या ताणल्या, की याच नाजूक तारा माणूस आणि त्याच्यामागचं धान्याचं पोतं, दोन्ही वाहून नेतात.

या तारा हबमधून सरळ निघत नाहीत. तिरप्या निघतात आणि एकमेकींना छेदत रिमपर्यंत जातात. पायडल मारलं, की साखळी मागच्या हबला पिळते. आमच्या येडशीहून रामलिंगच्या घाटात सायकल घेऊन उतरणं सोपं, पण परतीच्या चढाला हा पीळ चांगलाच कळतो. तिरपी तार तो पीळ रिमपर्यंत पोचवते. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं १८७४ मध्ये या बांधणीचं पेटंट घेतलं. दीडशे वर्षं उलटली, तरी साध्या सायकलीचं चाक आजही तसंच बांधलं जातं.

आता चाक बांधणाऱ्याचे हात पाहा. मागच्या चाकाच्या तारा दहा-दहाच्या चार फेऱ्यांत बसतात. पहिली तार व्हॉल्व्हच्या छिद्राशेजारी जाते. मग तीन छिद्रं सोडून चौथ्यात दुसरी, अशा दहा. नंतर हब हातानं थोडा पिळायचा, म्हणजे तारा तिरप्या होतात. तो अशा बाजूला पिळायचा, की पहिली तार व्हॉल्व्हपासून दूर कलावी. बाकीच्या तीस तारा या दहांना धरूनच जातात. असं बांधलं, की व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांच्या तारा जवळजवळ समांतर राहतात. पंपाचं तोंड आणि ते धरणारी बोटं आरामात आत जातात. पहिली तार चुकीच्या छिद्रात गेली किंवा हब उलटा पिळला, तर त्या दोन तारा व्हॉल्व्हच्या डोक्यावर एकमेकींकडे झुकतात.

गंमत म्हणजे, असं चुकलेलं चाक कमजोर नसतं. ताण तितकाच, वजन तितकंच पेलतं. आऊट काढला, की सरळ फिरतं. गिऱ्हाईक पैसे देऊन समाधानानं जातं. चूक कळते ती हवा भरताना. आणि सुधारायची म्हटलं, तर सगळ्या तारा काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

त्या चुकीची किंमत कोण देतं? मानव विकास कार्यक्रमातून आपल्या राज्यात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. वाडी-वस्तीवरून शाळेला येणारी अशी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. पंप नीट बसत नाही, म्हणून ती तो तिरपा दाबते. व्हॉल्व्ह वाकतो. वाकून वाकून ट्यूब त्याच्या मुळाशी फाटते, आणि तिथं ठिगळ सहसा टिकत नाही. नवी ट्यूब येईपर्यंत पायपीट, नाही तर शाळा बुडते. चाक बांधणाऱ्याला ती मुलगी कदाचित कधी दिसणारही नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. गझलेतही असंच असतं. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, काफिया आणि रदीफ ठरून जातात. तिथं अवघड काफिया घेतला, की पुढच्या शेरांत दम लागतो. पण तो त्रास कवीचा कवीलाच होतो. चाकातली पहिली तार चुकली, तर त्रास तिसऱ्यालाच होतो. म्हणून मला वाटतं, त्या कारागिराची जबाबदारी कवीपेक्षा मोठी आहे. हवा भरणारा हात समोर नसताना त्याला त्या हाताची आठवण ठेवावी लागते.

मजुरी मात्र चाळीस तारांची मिळते. एकेचाळिसाव्या छिद्राचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

तेव्हा श्रोतेहो, सायकल विकत घ्याल किंवा चाक नव्यानं बांधून घ्याल, तेव्हा व्हॉल्व्हपाशी दोन बोटं घालून बघा. अडली, तर पैसे देण्याआधीच सांगा. आणि जागा मोकळी असेल, तर त्या मिस्त्रीला तेही आवर्जून सांगा. आम्हा कवींना मुशायऱ्यात दाद मिळते. त्याच्या कामाला ती क्वचितच मिळते.