इलेक्टिव्हचे नियोजन आणि विशेषशाखेची निवड



भारतात एमबीबीएस झाल्यावर कोणती विशेषशाखा मिळणार हे मुख्यतः नीट-पीजीतील क्रमांकावर ठरते; वॉर्डात विद्यार्थी कसा वागला, रात्रपाळीत त्याने रुग्णाकडे कितीदा पाहिले, याची त्या क्रमांकात नोंद नसते. अमेरिकेत मात्र ज्या शाखांच्या जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ, त्या शाखांत परक्या रुग्णालयात केलेले एका महिन्याचे काम निवडीवर मोठा प्रभाव टाकते. या महाविद्यालयातील काही विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी तिकडे जाण्याचा विचार करीत असल्याने त्या व्यवस्थेची ओळख करून देणे, आणि त्या महिन्याचे नियोजन कशाच्या आधारे करावे हे सांगणे, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते व साधारणपणे चार वर्षे चालते. मेडिसिन, शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मनोविकार अशा विषयांची सक्तीची पोस्टिंग्ज संपल्यावर शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतःच्या पसंतीने जी पोस्टिंग्ज घेता येतात, त्यांना इलेक्टिव्ह म्हणतात आणि त्यांचा कालावधी बहुधा चार आठवड्यांचा असतो. यांतील ज्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली इंटर्नइतकी जबाबदारी उचलतो ती सब-इंटर्नशिप होय; तीच स्वतःच्या महाविद्यालयाबाहेर, जिथे पुढे रेसिडेन्सी म्हणजे विशेषशाखेचे पदव्युत्तर प्रशिक्षण घ्यायची इच्छा आहे अशा ठिकाणी केली, तर तिला अवे रोटेशन असे नाव आहे. असे अर्ज प्रामुख्याने तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने चालविलेल्या व्हीएसएलओ या सामायिक व्यवस्थेतून केले जातात.

रेसिडेन्सीच्या जागांचे वाटप १९५२पासून ‘मॅच’ या पद्धतीने होते. मुलाखती आटोपल्यावर उमेदवार रुग्णालयांची आणि रुग्णालये उमेदवारांची पसंतीक्रमाची यादी देतात, संगणक त्या याद्यांची जुळणी करतो आणि मार्चमधील तिसऱ्या शुक्रवारी निकाल कळतो. १९९८पासून ही जुळणी उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. तिची नवी रचना करणारे अर्थशास्त्रज्ञ आल्विन रॉथ आणि अशा जुळणीचा गणिती पाया घालणारे लॉईड शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या रचनेमुळे उमेदवाराने यादीत खरी पसंती लिहिणे हेच त्याच्या हिताचे ठरते. परंतु रुग्णालयाच्या यादीत त्याचे नावच नसेल तर जुळणीचा प्रश्न उद्भवत नाही. ते नाव यायचे तर मुलाखतीचे निमंत्रण लागते, आणि शेकडो अर्जांतून ते कोणाला द्यायचे हा तेथील विभागांपुढचा खरा पेच असतो. पूर्वी अमेरिकी वैद्यकीय परवान्यासाठीच्या ‘स्टेप १’ या परीक्षेचे गुण पाहून अर्जांची पहिली चाळणी होत असे, पण २६ जानेवारी २०२२पासून त्या परीक्षेचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागू लागला. साहजिकच ‘स्टेप २’चे गुण, शिफारसपत्रे आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करताना पाहिलेल्यांचे मत यांना अधिक महत्त्व आले.

अस्थिव्यंगोपचार, म्हणजे ऑर्थोपेडिक्स, या पाच वर्षांच्या रेसिडेन्सीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल, कारण अवे रोटेशनची प्रथा तिथे अतिशय रुजलेली आहे. अर्ज विभागांच्या हाती सप्टेंबरच्या अखेरीस पडत असल्याने शिफारसपत्रे तोवर पोहोचलेली असावी लागतात. म्हणून सब-इंटर्नशिप मे ते सप्टेंबर या काळात बसवावी लागते आणि तिच्यासाठीचा अर्ज त्याआधी काही महिने, लसीकरणाच्या नोंदी, गुणपत्रके आणि पार्श्वभूमी तपासणीची कागदपत्रे जोडून, करावा लागतो. क्रमही विचारपूर्वक ठरवावा लागतो. पहिली सब-इंटर्नशिप स्वतःच्या महाविद्यालयात करणे शहाणपणाचे, कारण प्लास्टर बांधणे, सरकलेला सांधा बसवण्यास मदत करणे, पहाटे राऊंडपूर्वी रुग्ण तपासून मोजक्या शब्दांत स्थिती सांगणे या गोष्टींतील नवखेपणा ओळखीच्या माणसांसमोर सरतो आणि विभागप्रमुखांचे पत्रही तिथेच मिळते. सर्वांत अधिक हव्या असलेल्या रुग्णालयात मात्र हात बसल्यावरच, जुलै किंवा ऑगस्टमध्ये, जावे.

रुग्णालय निवडताना नावाच्या दबदब्यापेक्षा अधिक उपयोगी असे काही प्रश्न आहेत. तिथे दरवर्षी किती रेसिडेंट घेतले जातात, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी यापूर्वी निवडले गेले आहेत का, आलेल्या प्रत्येकाला मुलाखत देण्याचा तिथे प्रघात आहे का, पत्र लिहू शकतील अशा अध्यापकांबरोबर सलग काम मिळते की दर दोन दिवसांनी तुकडी बदलते, याची चौकशी त्या ठिकाणी आधी जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांकडे करता येते. वरिष्ठाने दोन दिवस पाहून लिहिलेल्या पत्रात सर्वांना लागू पडणारी विशेषणे असतात. महिनाभर शेजारी उभे राहून पाहिलेला अध्यापक प्रसंग सांगू शकतो, आणि निवड करणारे अशा प्रसंगांवर विश्वास ठेवतात.

त्या महिन्यात निरीक्षण सर्वांत बारकाईने करतात ते रेसिडेंट, आणि पुढची काही वर्षे निवडलेल्या विद्यार्थ्याबरोबरच रात्रपाळ्या करायच्या असल्याने त्यांच्या मताला विभागात वजन असते. दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेची शरीररचना आदल्या रात्री वाचून येणे अपेक्षितच असते. त्याखेरीज विद्यार्थी परिचारिकांशी कसे बोलतो, येत नसलेले उत्तर येत नाही असे सरळ सांगतो की रेटून बोलतो, बरोबरच्या दुसऱ्या पाहुण्या विद्यार्थ्याला मागे ढकलून पुढे होतो का, हेही पाहिले जाते. महिनाभर उसने वागणे टिकत नाही, आणि या पद्धतीतील सर्वांत न्याय्य भाग हाच आहे. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की कागदावर उत्तम दिसणाऱ्या विद्यार्थ्याचे अशा महिन्यात नुकसानही होऊ शकते. थकलेल्या, घरच्या काळजीत असलेल्या किंवा अपुऱ्या तयारीच्या विद्यार्थ्याने तो महिना पुढे ढकलणे अधिक बरे.

या पद्धतीतला दोष मात्र गंभीर आहे. विद्यार्थी स्वतःच्या महाविद्यालयाचे शुल्क भरत असतानाच परक्या शहरात प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च करतो, म्हणजे स्वतःची पारख करून घेण्याची किंमत तो स्वतःच मोजतो. ज्याच्या घरी पैसा नाही, लहान मूल आहे किंवा आजारी माणूस आहे, त्याला ही संधी अर्धीच मिळते. २०२० साली महासाथीमुळे अवे रोटेशन्सवर कडक मर्यादा आल्या, ज्यांच्या महाविद्यालयात ती विशेषशाखा नव्हती अशांसाठीच मुख्यतः अपवाद ठेवला गेला, आणि तरीही त्या वर्षीची निवड पार पडली. हा अनुभव पाहता अशा महिन्यांची संख्या सर्वांसाठी मर्यादित असणेच योग्य आहे, आणि विद्यार्थ्यानेही भीतीपोटी चौथा-पाचवा महिना त्यात घालू नये.

कारण शेवटच्या वर्षाचा प्रत्येक महिना दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यात मिळतो. मांडीचे हाड खुब्याजवळ मोडलेली वृद्ध स्त्री अस्थिव्यंगोपचार विभागात दाखल होते तेव्हा तिला मधुमेह असतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असते, रात्री तिला भ्रम होतो, आणि शस्त्रक्रिया लांबली तर न्यूमोनिया व रक्ताच्या गाठी यांचा धोका वाढतो. तिला वाचवणारे ज्ञान मेडिसिन, भूलशास्त्र, अतिदक्षता आणि क्ष-किरणशास्त्र यांत आहे. अर्ज गेल्यानंतरचे महिने या विषयांना देणारा विद्यार्थी पुढच्या जुलैत पहिल्या रात्री एकटा वॉर्डात उभा राहतो तेव्हा त्या निवडीचे मोल रुग्णाला कळते. विशेषशाखा स्पर्धेची असो वा नसो, इलेक्टिव्हचा मूळ हेतू शिकणे हाच आहे.

आता येथील विद्यार्थ्यांविषयी. भारतात २०१९च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने एमबीबीएसमध्ये इलेक्टिव्हचा दोन महिन्यांचा काळ आणला आणि पुढे तो एका महिन्यावर आला. नीट-पीजीत त्याला गुण नसल्याने अनेक ठिकाणी तो केवळ नोंदवहीपुरता उरतो, ही खेदाची गोष्ट आहे. अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्याने आणखी एक भेद नीट समजून घ्यावा. इलेक्टिव्हमध्ये विद्यार्थी रुग्णाची माहिती घेतो, तपासतो आणि चमूचा घटक असतो. ऑब्झर्व्हरशिपमध्ये तो केवळ पाहतो, आणि त्यामुळे तिथून मिळणारे पत्र दुबळे असते. बहुतेक अमेरिकी महाविद्यालये इलेक्टिव्ह फक्त शिकत असलेल्या, अंतिम टप्प्यातील विद्यार्थ्यांनाच देतात, म्हणून पदवी हाती आल्यावर हा दरवाजा जवळजवळ बंद होतो. काही ठिकाणी इंटर्नना प्रवेश मिळतो, काही ठिकाणी मिळत नाही; मिळाला तरी येथील इंटर्नशिप तेवढी लांबू शकते. व्हिसा, व्यावसायिक दायित्वाचा विमा, महाविद्यालयाचे संमतिपत्र आणि विद्यापीठाची प्रमाणित गुणपत्रके यांना महिने लागतात, तेव्हा विचार तिसऱ्या वर्षातच सुरू व्हायला हवा. आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की अस्थिव्यंगोपचार किंवा त्वचारोग यांसारख्या शाखांत परदेशी पदवीधरांना जागा अत्यंत क्वचित मिळतात, तर मेडिसिन, बालरोग, फॅमिली मेडिसिन आणि पॅथॉलॉजी यांत ते मोठ्या संख्येने घेतले जातात. पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी हे वास्तव लक्षात घ्यावे.

अधिष्ठात्यांना या व्यासपीठावरून एक विनंती आहे. इलेक्टिव्हची परवानगी, पत्रे आणि तारखा यांची जबाबदारी एका अध्यापकावर सोपवावी, बाहेर जाऊन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा अनुभव ग्रंथालयात लिहून ठेवावा आणि येथील इलेक्टिव्हच्या महिन्याचे मूल्यमापन वॉर्डात प्रत्यक्ष पाहून करावे. ही सुरुवात येत्या तुकडीपासून व्हावी.