जळगाव ते धुळे, एसटीच्या खिडकीतून

जळगावहून धुळ्याला थेट रेल्वे नाही. गाडीनेच जायचं तर चाळीसगावला उतरून धुळ्याच्या फाट्याची गाडी पकडायची. एवढा वळसा कोण घालणार? म्हणून सगळे एसटीत.

शहर सुटलं की बांभोरीचा पूल लागतो. खाली गिरणा. पलीकडच्या तीरावर विद्यापीठ, त्याला आता कवयित्री बहिणाबाईंचं नाव आहे. इथं विद्यार्थी उतरतात आणि बसायला जागा होते. मग पाळधी, मग एरंडोल. एरंडोल म्हणजे पांडवांची एकचक्रानगरी, असं गावकरी ठामपणे सांगतात; पांडववाडाही दाखवतात. पद्मालयाच्या गणपतीला जाणारेही इथंच उतरतात.

पारोळ्याला बस जरा थांबते. चहा घ्या, पण किल्ला विसरू नका. गावातच, सपाट जमिनीवर उभा असलेला हा भुईकोट. राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याशी पारोळ्याचं नातं सांगतात.

पुढं मुकटी, फागणे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी. आणि कान उघडे ठेवा: मागच्या बाकावरची बोली आता पुरती अहिराणी झालेली असते. धुळ्याचं ‘धुये’ झालं, की समजा पांझरा नदी जवळ आली.

गंमत बघा, 1906 पर्यंत हा अख्खा रस्ता एकाच खानदेश जिल्ह्यात होता. मग पूर्व खानदेश जळगावकडे गेला, पश्चिम खानदेश धुळ्याकडे. आता पारोळा सोडल्यावर वाटेत कुठंतरी जिल्हा बदलतो. खिडकीतल्या माणसाला ते कळतही नाही. त्याची डुलकी लागलेली असते.