रिकाम्या पट्ट्याखाली

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात २६ जानेवारी रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘घरच्या बागेतली दुर्मीळ फुलझाडं’ आणि वेळ दिलाय दहा मिनिटं. आयुष्य बँकेत गेल्यामुळे काउंटर वेळेवर बंद करायची सवय आहे, काळजी नसावी.

पूर्वेच्या कंपाउंडलगत पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायच्या, असा ठराव मागच्या सभेत झाला. एकमताने झाला, हात मीही वर केला. पुण्याहून मुलगा आला की त्याची गाडी रस्त्यावर उभी राहते, मग मी कोणत्या तोंडानं विरोध करणार? पण इतिवृत्त वाचलं तर त्यात त्या जागेला ‘रिकामा पट्टा’ म्हटलंय. तेवढ्या एका शब्दावर माझी हरकत आहे. आज जाऊन बघाल तर वाळलेलं गवत आणि चार विटांशिवाय तिथं काही दिसणार नाही, हे खरं. पण माझी तळमजल्याची बाग खिडकीखालून सरकत सरकत त्या पट्ट्यात शिरलेली आहे. अतिक्रमण म्हणा हवं तर. जानेवारीत ती झोपलेली असते, एवढंच.

कंदवर्गी झाडांचा हाच स्वभाव. कुणाचा कांदा असतो, म्हणजे थरावर थर. कुणाचा नुसता गड्डा. पाऊसकाळात पानं उन्हातून जे कमावतात ते खाली जमा होतं, मग पानं पिवळी पडून जातात आणि झाड महिनोन् महिने जमिनीखाली गप्प बसतं. म्हणून पिवळी होऊ लागलेली पानं घाण दिसतात म्हणून कापू नका, असं मी सगळ्यांना सांगत असतो. ती मुदत ठेव मुदतीआधी मोडल्यासारखं होतं.

ही गोष्ट मला २०१६ साली नीट कळली. तो उन्हाळा इथं कुणाला विसरायचा नाही. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पाण्याची रेल्वे आली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या. माणसांना भांडी मोजून पाणी, तिथं झाडांना कोण घालतो? माझे गुलाब गेले, मोगरा गेला. सोनटक्का तर पाण्याचाच भुकेला, तो आधी गेला. बाग संपली असं समजून मी खुरपं-झारी माळ्यावर टाकून दिली होती. आणि मे महिन्यात एका सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी हाक मारली, “अहो, भुईचाफा आलाय बघा.”

भुईचाफा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पान नाही, दांडा नाही. भेगाळलेल्या मातीतून थेट फूल वर येतं, पांढरं-जांभळं आणि सुगंधी. पानं नंतर, पावसाच्या वेळी. त्या वर्षी दोनच फुलं आली, पण आली. त्याच आठवड्यात फुटबॉल लिलीचा लाल गोळाही आला, नेहमीपेक्षा लहान. जूनमध्ये पहिला दणका पाऊस झाल्यावर चौथ्या दिवशी पावसाळी लिली गुलाबी झाली. यातल्या एकालाही मी तांब्याभर पाणी घातलेलं नव्हतं.

हा भुईचाफा आमच्या सासूबाईंचा. जुन्या नांदेडात त्यांचा माळवदाचा वाडा होता. परसात रांजणाच्या सांडपाण्यावर हा वाढलेला. इथं राहायला आलो तेव्हा त्यांनी फडक्यात बांधून चार गड्डे दिले. आता तो वाडा नाही, तिथं तीन मजली इमारत आहे आणि परसावर फरशी. फरशी घालताना खाली काय आहे हे कुणी पाहिलं नाही, आम्हीही नाही. नंतर दोनदा विचारायला गेलो. शेजारीपाजारी कुणाकडेच तो उरलेला नव्हता.

दुसरी गोष्ट कळलावीची. १९९० च्या सुमारास मी किनवटच्या शाखेत होतो. माहूरच्या वाटेवर जंगलात पावसाळ्यात ही वेल दिसायची. फूल म्हणजे ज्योतच. आधी हिरवट-पिवळं, मग लालभडक, म्हणून अग्निशिखा. मोह आवरला नाही आणि मी एक कंद उकरून आणला. तो नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो. संस्कृतात लांगली म्हणतात ते त्यामुळेच. फाट्याच्या टोकाला कोंब असतो, आणि तेच टोक मी उकरताना मोडलं. तो कंद कधी फुटलाच नाही. शाखेत येणाऱ्या एका वृद्ध कोलाम खातेदारांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, “साहेब, कंद कशाला काढला? शेंग वाळू द्यायची, बी न्यायचं.” मग हिवाळ्यात तडकलेल्या शेंगेतलं लाल बी आणलं. पहिल्या वर्षी गवताच्या काडीएवढं रोप, खाली वाटाण्याएवढा कंद. बदली नांदेडला झाली, कुंडी बरोबर. फूल आलं ते चौथ्या वर्षी. पुढे लातूरला आलो तेही ती कुंडी मांडीवर घेऊनच.

घरात तिला जागा मिळाली नाही. नावामुळे भांडणं लागतात म्हणे! खरं तर बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून लावायचे, त्यावरून ते नाव. पण एक ध्यानात ठेवा, झाड नखशिखांत विषारी आहे आणि कंद तर फारच. त्यातलं कोल्चिसीन डॉक्टर संधिवाताच्या एका प्रकारावर अगदी मोजून देतात; आपण घरी काहीही उगाळायचं नाही. लहान मुलं असतील त्यांनी ती लावूच नये. पट्ट्यात ती कंपाउंडच्या कोपऱ्यात, जाळीच्या आत आहे.

मला बरेच जण म्हणतात, काका, कासला जाताय तर तिथलं काही दुर्मीळ आणा. नाही आणणार. तिथला वायतुरा घ्या, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. किंवा कोकणच्या सड्यांवरची दीपकाडी. ती झाडं त्या कातळावरच्या चिमूटभर मातीची आणि पावसाची आहेत. आपल्या काळ्या रानात आठ दिवसांत सडतील, आणि तिथंही एक कमी होईल.

कारण आपली काळी माती चिबडते. कंद पाण्यावाचून मरत नाही, पाण्यात मरतो. माझे निम्मे कंद मी कौतुकानं पाणी घालून मारले आहेत. निम्मा पोयटा, बाकी जाड वाळू किंवा मुरूम आणि ओंजळभर कुजलेलं शेणखत, वाफा जमिनीपासून वीतभर उंच, एवढं केलं की झालं. कुंडीचं भोक मात्र आधी तपासा.

आता कामाचं. कंत्राटदार फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येणार असं सचिव म्हणाले. सगळं झोपलेलं असल्यानं हलवायला हेच दिवस बरे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी पट्ट्यात असेन. भुईचाफ्याचे तीसेक गड्डे निघावेत. ते लगेच कुंडीत लावा, म्हणजे उन्हाळ्यात फूल बघायला मिळेल. फुटबॉल लिलीचे कांदे आठ-दहा असतील. तिला हलवलेलं आवडत नाही, यंदा रुसली तर फेकून देऊ नका. पावसाळी लिली घमेलंभर आहे, ती मुलांना. कळलावी मी कुणाला देणार नाही, ती माझ्या खिडकीखाली जाईल. बी हवं असेल त्यांनी मोठ्या माणसाला घेऊन दिवाळीनंतर यावं.

कुदळ आणू नका, खुरपं आणा. आणि अध्यक्षांना एक विनंती. भिंतीलगत दीड फूट ब्लॉक न बसवता मोकळं ठेवता आलं तर बघा. गाडीचं चाक तसंही तिथवर जात नाही, मी काल टेप लावून मोजलंय.